परमुलखातील पहिले सहा महिने

(एका व्यायामशाळेच्या वार्षिकोत्सवात खेळाडू आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी अनेक घरांतील मुले-मुली आज खेळासाठी घर सोडून दूर जात आहेत. कुणी परदेशातील विद्यापीठात शिष्यवृत्तीवर जातो, कुणी एखाद्या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली राहतो, कुणी व्यावसायिक संघाशी करार करतो. निघण्यापूर्वी घरात बरीच चौकशी होते. शुल्क किती, मैदान कसे, प्रशिक्षक कोण, आहारात काय मिळेल? ही चौकशी आवश्यकच आहे. परंतु तो मुलगा तिथे पहिले सहा महिने कसा राहील, कुणाशी बोलेल, रात्री रडू आले तर कुणाकडे जाईल, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. बहुतेक खेळाडूंचे भवितव्य मात्र याच सहा महिन्यांत ठरते.

हा विषय उपदेशाने मांडण्यापेक्षा उदाहरणाने मांडावा, असे मला वाटते. त्यासाठी मी जपानमधील सुमो कुस्तीचे क्षेत्र निवडले आहे. जिथे नवागत परदेशी खेळाडूला कसलीही सवलत मिळत नाही, दुभाषी मिळत नाही, वेगळी खोली मिळत नाही, असे खेळाचे क्षेत्र जगात क्वचितच आढळेल. तरीही गेल्या साठ वर्षांत हवाई बेटे, मंगोलिया, युरोप आणि इजिप्त येथून तरुण तिथे गेले, टिकले आणि त्यांतील काही सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले. ते कसे टिकले, हे आपण पाहू.

सुमो मल्ल जिथे राहतो त्या संस्थेला ‘हेया’ म्हणतात. आपल्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर ती निवासी तालीम. एक गुरू, ज्याला ‘ओयाकाता’ म्हणतात, आपल्या घरातच तालीम चालवितो. खाली मातीचा आखाडा, वर शिष्यांचे शयनगृह आणि त्याच वास्तूत गुरूचा संसार. गुरुपत्नीला सारे शिष्य ‘ओकामीसान’ म्हणतात. शिष्यांचे आजारपण, घरची पत्रे, आश्रयदात्यांशी संबंध हे सारे तीच पाहते. आधी आलेला शिष्य हा थोरला गुरुबंधू. मग तो वयाने लहान का असेना, नंतर आलेल्याने त्याचा मान राखलाच पाहिजे.

नवशिष्याचा दिवस पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. आखाड्यात सर्वांत आधी तोच उतरतो, आणि तोही अनशापोटी. एक पाय उंच उचलून जमिनीवर आपटण्याचा ‘शिको’ हा व्यायाम शेकडो वेळा करायचा. लाकडी खांबावर तळव्यांचे प्रहार करायचे. दोन्ही पाय बाजूला पूर्ण फाकवून छाती जमिनीला टेकवायची. हा शेवटचा प्रकार नवख्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. तालीम संपली की मुदपाकखान्याची पाळी. मासे, कोंबडी, भाज्या एकत्र शिजवून केलेले ‘चांको’ हे तिथले मुख्य अन्न. ते रांधायचे, ज्येष्ठांना वाढायचे, त्यांची स्नाने उरकल्यावर आपण स्नान करायचे आणि उरलेले आपण जेवायचे. खालच्या श्रेणीतील मल्लाने कडाक्याच्या थंडीतही सुती युकाता आणि लाकडी खडावा घालूनच रस्त्यावर निघायचे, असा दंडक आहे. वेतन मिळते ते वरच्या दोन श्रेणींतील सत्तर मल्लांना. बाकीच्या शेकडो मल्लांना अन्न, निवारा आणि अल्प भत्ता. याखेरीज प्रत्येक नवशिष्याला टोकियोच्या र्‍योगोकू भागातील सुमो भवनात सहा महिने पाठशाळेत जावे लागते. तिथे व्यायामाबरोबर सुमोचा इतिहास, सुलेखन आणि पारंपरिक गीतेही शिकवितात. एवढ्या चौकटीत एखादा परदेशी मुलगा जाऊन पडतो, तेव्हा त्याची अवस्था काय होत असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

पहिले उदाहरण १९६४ सालचे. हवाई बेटांतील माउई येथील जेसी कुहाउलुआ नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण त्या वर्षी फेब्रुवारीत टोकियोला उतरला. शाळेत तो फुटबॉल खेळे. पाय बळकट व्हावेत म्हणून त्याच्या प्रशिक्षकाने त्याला सुमोकडे वळविले होते. बारमाही उबदार बेटावर वाढलेला हा मुलगा ऐन हिवाळ्यात ताकासागो तालमीच्या गार मातीवर उघड्या अंगाने उभा राहिला. भाषा येत नव्हती, अन्न रुचत नव्हते, पाय वळत नव्हते. सरावात त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत. कुणी विचारले तर ‘डोळ्यांतून घाम येतो आहे’ असे तो सांगे. ताकामियामा हे नाव त्याला तालमीने दिले. आठ वर्षांनी, जुलै १९७२ मध्ये, नागोया येथे त्याने सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारा तो पहिला परदेशी मल्ल. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे अभिनंदनपत्र त्या वेळी आखाड्यात वाचून दाखविण्यात आले. परंतु ताकामियामांचे खरे मोठेपण मला दुसऱ्याच आकड्यात दिसते. सर्वोच्च श्रेणीत ते सलग १,२३१ लढती खेळले, एकही न चुकविता. १९८० मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले, १९८४ मध्ये निवृत्त झाले आणि १९८६ मध्ये स्वतःची तालीम काढली. त्याच तालमीत हवाईचाच एक तरुण १९८८ मध्ये दाखल झाला. तो पुढे आकेबोनो या नावाने जानेवारी १९९३ मध्ये ‘योकोझुना’ म्हणजे महाविजेता झाला. परदेशात जन्मलेला तो पहिला योकोझुना. एकाने एकट्याने सोसले, म्हणून दुसऱ्याला वाट दाखविणारा गुरू आपल्याच हवाई बेटांतला मिळाला.

दुसरे उदाहरण पलायनाचे आहे. ते मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे खेळाडूचे घरी परतणे हा कलंक मानला जातो. १९९२ मध्ये ओशिमा तालमीच्या गुरूंनी मंगोलियातून सहा तरुण निवडून आणले. मंगोलिया हा कुस्तीचाच देश. तिथला ‘नादाम’ महोत्सव कुस्तीवाचून पूर्ण होत नाही. त्यामुळे ही मुले कसलेली होती. पण मोकळ्या गवताळ माळरानावर वाढलेल्या या मुलांना तालमीची चार भिंतींतली शिस्त, अपरिचित भाषा आणि ज्येष्ठांचा धाक सोसवेना. सहा महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, त्यांतील पाच जण तालमीतून पळाले आणि त्यांनी आपल्या देशाच्या वकिलातीचा आश्रय घेतला.

इथे गोष्ट संपली असती. परंतु गुरूंनी ‘नालायक निघाले’ असे म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी मुलांची समजूत काढली. क्योकुतेन्हो नावाचा शिष्य मायदेशी परतला होता, त्याला परत आणण्यासाठी गुरू स्वतः मंगोलियापर्यंत गेले. सहांपैकी तिघे टिकले. पळालेल्यांचा पुढारी क्योकुशूझान १९९६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचणारा पहिला मंगोल मल्ल ठरला आणि निवृत्तीनंतर २००८ मध्ये आपल्या देशाच्या संसदेत निवडून गेला. क्योकुतेन्होने मे २०१२ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा जिंकली. म्हणजे पळून गेलेल्या मुलाला विजेता होण्यासाठी वीस वर्षे लागली आणि त्या वीस वर्षांत कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवला. पालकांनी यातून काय घ्यायचे? पहिल्या सहा महिन्यांत मुलगा दूरध्वनीवर रडला, ‘मला परत यायचे आहे’ म्हणाला, तर त्यावरून त्याच्या कर्तृत्वाचा निकाल लावू नये. त्याला रागे भरू नये आणि घाईघाईने परतीचे तिकीटही काढू नये. आधी ऐकून घ्यावे.

तिसरे उदाहरण याच धाग्यातून पुढे जाते. ऑक्टोबर २००० मध्ये मंगोलियातून पंधरा वर्षांचा एक मुलगा जपानला आला. त्याचे वडील जिगजिदीन मुंखबात हे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधील कुस्तीचे रौप्यपदक विजेते, मंगोलियाचे राष्ट्रीय वीर. मुलगा मात्र अवघा ६२ किलो वजनाचा. ओसाका येथे काही काळ सराव करूनही त्याला एकही तालीम घेईना. परतीचे दिवस जवळ आले. अशा वेळी त्याच्यासाठी शब्द टाकला तो त्या एकेकाळच्या पळपुट्याने, क्योकुशूझानने. अखेर मियागिनो तालमीने मुलाला ठेवून घेतले. गुरूंनी आरंभी भर दिला तो खुराकावर. खा, दूध पी, अंग धर. मे २००१ मध्ये सर्वांत खालच्या श्रेणीत त्याची पहिली क्रमवारीची स्पर्धा झाली. तीन विजय, चार पराभव. या आकड्यावरून त्याचे भविष्य वर्तविणाऱ्याने काय सांगितले असते?

तो मुलगा म्हणजे हाकुहो. २००७ मध्ये तो योकोझुना झाला. २०१० मध्ये त्याने सलग ६३ लढती जिंकल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर ४५ अजिंक्यपदे जमा झाली. सुमोच्या इतिहासात इतकी अजिंक्यपदे दुसऱ्या कुणाचीही नाहीत.

आता भाषेविषयी. हे परदेशी मल्ल इतकी अस्खलित जपानी बोलतात की जपानी लोकांनाही त्याचे आश्चर्य वाटते. वासेदा विद्यापीठातील भाषाध्यापक सातोशी मियाझाकी यांनी २००१ मध्ये याच प्रश्नावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. जपानमध्ये बेसबॉल खेळायला येणाऱ्या परदेशी खेळाडूच्या दिमतीला दुभाषी असतो. तो वर्षानुवर्षे राहूनही पुष्कळदा दोन वाक्यांपलीकडे जात नाही. सुमोत दुभाषी नाही आणि आपल्या भाषेचा सोबतीही बहुधा नाही, कारण २००२ पासून एका तालमीत एकच परदेशी मल्ल घेण्याचा नियम आहे. मग भाषा येते ती स्वयंपाकघरात, भाजी चिरताना. गुरुपत्नीशी बोलताना, दुकानात सामान आणताना, गुरुबंधूंच्या थट्टामस्करीतून. चुकत चुकत ती येते. माझ्या तरुण मित्रांनो, यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्या. तुम्ही जिथे जाल तिथे आपल्याच भाषेच्या चार मुलांचे कोंडाळे करून राहण्याचा मोह होईल. रविवारी त्यांना अवश्य भेटा. पण सोमवार ते शनिवार त्या भूमीची भाषा बोला, त्यांच्या पंक्तीला बसा, भांडी घासायची पाळी आली तर ती टाळू नका.

मग प्रश्न उभा राहतो की, एवढे सगळे त्या देशाचे घेतल्यावर आपले काय उरते? हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. सुमोत तर नाव बदलते, केसांची शेंडी बांधली जाते, वेश बदलतो. आखाड्यात उतरताना मीठ फेकणे, पाणी घेणे हे शिंतो परंपरेतील शुद्धीचे विधीही करावे लागतात. पण जे मूळचे खोल असते ते जात नाही, असेच दिसते. इजिप्तमधून आलेला ओसुनाआराशी हा मुस्लिम मल्ल २०१२ मध्ये आखाड्यात उतरला. जुलै २०१३ मधील नागोयाची स्पर्धा तो रमजानचे उपवास पाळून खेळला. तालमीने त्याला अडविले नाही. दुसरा दाखला युक्रेनच्या आओनिशिकीचा. देशावर युद्ध कोसळल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला हा मुलगा जपानला आला. २०१९ मध्ये एका कुमार स्पर्धेत ओळख झालेल्या एका जपानी विद्यार्थ्याच्या भरवशावर तो आला आणि त्याच मित्राच्या घरी राहिला. मल्ल म्हणून नाव घेण्याची वेळ आली तेव्हा त्याने त्या मित्राचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने फुकुओकाची स्पर्धा जिंकली आणि ‘ओझेकी’ हे योकोझुनाच्या खालोखालचे पद मिळविले. आश्रय देणाऱ्या कुटुंबाचे ऋण असे नावात वागविणारा मुलगा आपले मूळ विसरेल, असे मला वाटत नाही. कृतज्ञता ज्याच्या ठायी असते त्याला दोन घरे सांभाळता येतात.

मात्र हे चित्र एकाच रंगाचे आहे, असा समज करून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिस्तीच्या नावाखाली क्रौर्यही तिथे घडले आहे. जून २००७ मध्ये सतरा वर्षांचा एक जपानी नवशिष्य तालमीतील मारहाणीत प्राणास मुकला आणि त्या गुरूला कारावास भोगावा लागला. २०१७ मध्ये एका मंगोल योकोझुनाने आपल्याच देशाच्या कनिष्ठ मल्लाला मारहाण केली आणि त्याला निवृत्त व्हावे लागले. खुद्द हाकुहोने चालविलेली तालीम एका शिष्याच्या हिंसक वर्तनामुळे २०२४ मध्ये बंद करण्यात आली आणि २०२५ मध्ये तो सुमो संघटनेतून बाहेर पडला. सर्वश्रेष्ठ मल्ल हा आपोआप उत्तम गुरू होतो, असे नाही. म्हणून पालकांनी मुलाला पाठविताना गुरूची कीर्ती पाहावी, तशीच त्याची वागणूकही पाहावी. कष्ट आणि छळ यांतील भेद मुलाला आधीच समजावून सांगावा. कष्ट सोसायचे, छळ मुकाट्याने सोसायचा नाही, घरी कळवायचा.

स्वीकाराच्या बाबतीतही कटू प्रसंग आहेत. कोनिशिकी हा हवाईचा मल्ल १९८७ मध्ये पहिला परदेशी ओझेकी झाला. १९९२ मध्ये त्याला योकोझुनापद द्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. ते पद त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. ‘योकोझुनापदास लागणारी प्रतिष्ठा परदेशी माणसाकडे असू शकते का’, असा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. पुढच्याच वर्षी आकेबोनोने त्या प्रश्नाला उत्तर दिले. निवृत्तीनंतर गुरुपद हवे असेल तर जपानी नागरिकत्व घेतलेच पाहिजे, असा नियम १९७६ पासून आहे. हाकुहोच्या वडिलांचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यानंतर २०१९ मध्ये त्याने मंगोल नागरिकत्व सोडून जपानी नागरिकत्व घेतले. राष्ट्रवीराच्या पुत्राला हा निर्णय किती जड गेला असेल, हे आपण समजू शकतो. आपली परंपरा जपण्याचा जपानी समाजाला अधिकार आहे, आणि मी त्या अधिकाराचा आदरच करतो. परंतु ज्याने वीस वर्षे त्या परंपरेची सेवा केली, त्याच्याकडे अखेरपर्यंत परका म्हणून पाहणे हे त्या परंपरेच्याही हिताचे नसते. खेळासाठी जाणाऱ्याने मात्र हे प्रश्न आपल्यापुढे येणार, हे मनाशी धरूनच जावे. भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही. निर्णयाची वेळ आली तर तो घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून, शांतपणे करावा.

मित्रहो, हे सारे आपल्याला फार दूरचे नाही. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा ते लाल मातीत वाढलेले मल्ल होते. तिथे त्यांच्यापुढे आली ती गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम. ते सहावे आले. चार वर्षे त्यांनी त्या परक्या पद्धतीचा अभ्यास केला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतून गादीवर जाणे हेही एक प्रकारचे परदेशगमनच होते, आणि त्यामागेही कुणीतरी वडीलकीने उभे राहिले होते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधून मी थांबतो. परमुलखात आलेला खेळाडू म्हणजे केवळ टोकियोतला मंगोल मुलगा नव्हे. आपल्या पुण्यात, बालेवाडीच्या परिसरात, निरनिराळ्या क्रीडा प्रबोधिनींत मणिपूरची, झारखंडची, हरियाणाची, तशीच गडचिरोलीची आणि नंदुरबारची मुले राहतात. त्यांतील कित्येकांना आपले मराठी कळत नाही. आपली भाकरी-आमटी त्यांच्या जिभेला नवी असते. आपल्याच देशात त्यांच्या चेहऱ्यावरून कुणी त्यांना ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ असे विचारतो, तेव्हा त्या मुलाच्या मनाला काय वाटत असेल? आपली मुले परदेशात गेल्यावर त्यांना तिथे एखादे घर मिळावे, अशी आपली इच्छा असते. तेच घर आपण या मुलांना दिले पाहिजे.

हे काम खर्चाचे नाही. सणाला एका खेळाडूला घरी जेवायला बोलवा. त्याच्या घरच्यांची चौकशी करा. त्याच्या भाषेतले दोन शब्द तुम्ही शिका, तुमच्या भाषेतले दहा त्याला शिकवा. तो हरून आला तर निकाल न विचारता ताट वाढा. तो महिनाभर दिसला नाही तर आपण होऊन वसतिगृहात जाऊन या. जपानमधील त्या गुरुपत्नी याहून वेगळे काही करीत नाहीत आणि त्यांच्याच आधारावर मोठमोठे मल्ल उभे राहिले आहेत.

आज या सभागृहात पंचवीस-तीस कुटुंबे बसलेली आहेत. प्रत्येक घराने एका मुलाची किंवा मुलीची पहिल्या सहा महिन्यांची जबाबदारी घेतली, तर या वर्षी तेवढीच मुले परतीच्या गाडीत बसणार नाहीत. व्यायामशाळेच्या कार्यवाहांकडे नोंदवही ठेवलेली आहे. सभा संपल्यावर आपण आपली नावे तिथे लिहावीत, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.